शाळांच्या निकालांची न्याय्य तुलना कशी करावी

फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला आणि नागपूर विभागाचा ९०.७८ टक्के. राज्यातील नऊ विभागीय मंडळांच्या यादीत नागपूर तळाला होते. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत, तर नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे असून त्यांत गडचिरोलीच्या जंगलातील आश्रमशाळेपासून नागपूर शहराच्या रामदासपेठेतील खासगी शाळेपर्यंत सर्व काही येते. हे दोन आकडे शेजारी ठेवून विदर्भातील मुले मागे पडली असे म्हणता येते, आणि दरवर्षी म्हटलेही जाते. पण कोणत्या शाळेने किती काम केले, याचे उत्तर त्या आकड्यांत नाही. पुढच्या काही दिवसांत हीच पद्धत खाली उतरते. शाळाशाळांच्या टक्केवारीच्या याद्या फिरतात, फाटकांवर फलक लागतात, आणि नागपुरातील कळमना या बाजारपेठेच्या परिसरातील महानगरपालिकेची शाळा सुखवस्तू धरमपेठेतील शाळेच्या खाली दिसते म्हणून तेथील शिक्षक कमी पडले असे सर्वजण गृहीत धरतात.

शाळांचे निकाल एकत्र करून त्यांचे तक्ते तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवातून सांगतो की तुलना करूच नये, हा यावरचा उपाय नाही. तुलना बंद झाली की सर्वांत जास्त नुकसान गरीब मुलांचेच होते, कारण त्यांच्या शाळेत शिकवले जात नाही हे दाखवणारा पुरावाच उरत नाही. मुलाला शाळेत आणले तेव्हा ते कोठे होते, त्याच्यासारखीच मुले असलेल्या इतर शाळांनी त्यांना कोठवर नेले आणि या शाळेने कोठवर नेले, एवढे मोजता आले की तुलना न्याय्य होते. हे काम मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, केंद्रप्रमुख किंवा आकड्यांची आवड असलेला एखादा पालक संगणकावरील साध्या तक्त्याच्या आधारे करू शकतो. त्याची पद्धत पुढे सांगतो.

प्रथम प्रश्न ठरवावा

पालकाचा प्रश्न आणि प्रशासनाचा प्रश्न वेगळा असतो. पालकाला विचारायचे असते की माझे मूल या शाळेत गेले तर त्याचे काय होईल. त्यात शिक्षक येतात, सोबतची मुले येतात, इमारत आणि ग्रंथालयही येते. प्रशासनाला विचारायचे असते की या शाळेच्या हातात जे होते त्यातून तिने किती भर घातली. पहिल्या प्रश्नासाठी तयार केलेला तक्ता दुसऱ्या प्रश्नाला वापरला की अन्याय होतो. हे मार्गदर्शन मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. तक्त्याच्या माथ्यावर प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून ठेवावा. कारण सहा महिन्यांनी तोच कागद दुसऱ्याच कोणाच्या हाती पडतो आणि त्याचा वापर भलत्याच निर्णयासाठी होतो.

पार्श्वभूमीची माहिती गोळा करणे

घरच्या परिस्थितीचा निकालावर होणारा परिणाम आकड्यांत मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती होती, आणि शाळाशाळांतील सोयींच्या फरकापेक्षा मुलांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीचा त्यांच्या गुणांशी अधिक घट्ट संबंध आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाला, पण तेव्हापासून कोणत्याही गंभीर अभ्यासात पार्श्वभूमी वगळून शाळांची तुलना केली जात नाही. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतही पालकांचे शिक्षण, पालकांचा व्यवसाय आणि घरातील वस्तू या तीन गोष्टींवरून प्रत्येक विद्यार्थ्याचा एक निर्देशांक काढला जातो.

आपल्याकडे पहिला मोह उत्पन्न विचारण्याचा होतो. तो टाळावा. हातावर पोट असलेल्या माणसाला वर्षाचे उत्पन्न सांगता येत नाही, कारण त्याला दिवसाची मजुरी माहीत असते आणि काम किती दिवस मिळाले ते आठवत नाही. उत्पन्नाचा दाखला तर शिष्यवृत्तीची किंवा प्रवेशाची मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून काढलेला असतो, त्यामुळे त्यावरील आकडे मर्यादेच्या थोडे खाली दाटलेले दिसतात. त्याऐवजी ज्याचे उत्तर लगेच देता येते आणि लपवण्याची गरज भासत नाही, असे प्रश्न विचारावेत. आईने कितवीपर्यंत शिक्षण घेतले? घर चालवणारी व्यक्ती नेमके काय काम करते? घरी फ्रिज, दुचाकी, संगणक यांपैकी काय आहे? मुलाला बसून अभ्यास करता येईल अशी जागा आहे का? शाळेच्या पुस्तकांशिवाय घरात वाचण्याची पुस्तके किती आहेत? माझ्या मते यांत आईच्या शिक्षणाचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि वेळ अगदीच कमी असेल तर तेवढा एक विचारला तरी काम बऱ्यापैकी होते.

प्रश्नाची शब्दयोजना किती महत्त्वाची असते, हे मला एका पालकसभेत कळले. पूर्व नागपुरातील त्या शाळेत आम्ही अर्जावर ‘घरात पुस्तके किती’ एवढेच छापले होते. कळमन्याच्या मिरची बाजारातून थेट आलेले एक वडील अर्ज हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग मुलीला जवळ बोलावून तिच्या दप्तरातील पुस्तके त्यांनी बाकावर एकेक करून मोजली आणि ‘अकरा’ असे लिहायला सांगितले. त्यांच्या पुढेच एका बँक कर्मचाऱ्याने ‘दहा-बारा’ असे लिहिले होते, आणि त्याच्या डोक्यात कपाटातील कथा-कादंबऱ्या होत्या. तक्त्यात ही दोन्ही घरे सारखी ठरली असती. तेव्हापासून ‘शाळेची पाठ्यपुस्तके व वह्या सोडून’ हे शब्द आम्ही ठळक छापू लागलो. अर्ज घरी पाठवून भरून मागवण्यापेक्षा पालकसभेत किंवा गृहभेटीत शिक्षकाने विचारून भरावा, हेही त्याच वर्षी ठरले. कारण घरी पाठवलेला अर्ज बहुधा मूल स्वतःच भरते.

जे पालक सभेला येत नाहीत, त्यांची माहिती कोरी राहते. अशा जागी शाळेची सरासरी भरून मोकळे होण्याची पद्धत चुकीची आहे, कारण सभेला न येणारे पालक बहुधा रोजी बुडण्याच्या भीतीने आलेले नसतात आणि त्यांची स्थिती सरासरीपेक्षा वाईट असण्याचा संभव अधिक असतो. संध्याकाळी गृहभेट द्यावी. तेही जमले नाही तर ‘माहिती नाही’ असा वेगळा गट ठेवून त्यातील मुलांची संख्या तक्त्यात दाखवावी.

वस्तीवरून मुलाची परिस्थिती ठरवू नये. पश्चिम नागपुरातील एखादी महानगरपालिकेची शाळा बंगल्यांच्या रांगेत उभी असते, पण तिच्या वर्गांत त्याच बंगल्यांत धुणीभांडी आणि चौकीदारी करणाऱ्यांची मुले बसलेली असतात. उलट मोठ्या खासगी शाळेतही शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुले असतात आणि शाळेच्या सरासरीत ती दिसेनाशी होतात. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये शाळांची माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा प्रत्येक शाळेचा सामाजिक-शैक्षणिक निर्देशांक काढताना जनगणनेतील भागवार माहितीवर मोठा भर होता. पुढे पालकांच्या शिक्षणाची आणि व्यवसायाची थेट माहिती वापरण्याकडे तेथील यंत्रणा वळली. आपणही प्रत्येक मुलाची माहिती घ्यावी.

भाषेचा प्रश्न नागपुरात विशेष महत्त्वाचा आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात घरी हिंदी बोलणारी मुले असतात. शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर हंगामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले छत्तीसगढी बोलतात. रामटेक तालुक्यातील देवलापारकडच्या काही घरांत गोंडी बोलली जाते. म्हणून घरची भाषा आणि शाळेचे माध्यम यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावी. मोमिनपुऱ्यातील उर्दू माध्यमाची शाळा आणि महालातील मराठी माध्यमाची शाळा यांची भाषेच्या गुणांवरून तुलना करूच नये, कारण दोन भाषांतील उतारे सारख्या काठिण्याचे आहेत हे सिद्ध करणे फार कठीण असते. गणितावर तुलना करता येते, तीही शाब्दिक उदाहरणे बाजूला ठेवून एकदा आणि धरून एकदा अशी दोनदा करावी.

जातीच्या रकान्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. जात हा निर्देशांकाचा घटक करू नये. तसे केले तर अमुक जातीच्या मुलाकडून कमी गुणांची अपेक्षा ठेवणे तक्त्यातच लिहून ठेवल्यासारखे होते. मात्र शाळेच्या आत वेगवेगळ्या समाजघटकांतील मुलांच्या प्रगतीत तफावत आहे का, हे पाहण्यासाठी ती माहिती स्वतंत्रपणे जरूर तपासावी. शिकवणीचेही तसेच आहे. शिकवणी पैशाने घेता येते म्हणून ती पार्श्वभूमीचा भाग वाटते. परंतु वर्गात शिकवले जात नाही म्हणूनही पालक शिकवणी लावतात. त्यामुळे ती निर्देशांकात न मिळवता शेजारच्या रकान्यात ठेवावी.

ही सर्व माहिती मुलांच्या घरची आहे, याचे भान सुटू नये. तक्त्यात नावाऐवजी क्रमांक वापरावा, क्रमांक आणि नावे यांची जोडयादी मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावी आणि कोणत्याही बैठकीत एका मुलाची ओळ पडद्यावर दाखवू नये.

निर्देशांक तयार करणे

आईचे शिक्षण, घर चालवणाऱ्याचे काम, घरातील वस्तू, अभ्यासाची जागा आणि वाचनाची पुस्तके या पाच बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यावेत. उदाहरणार्थ, आई शाळेत गेलीच नसेल तर ०, सातवीपर्यंत शिकली असेल तर १, दहावीपर्यंत २, बारावीपर्यंत ३ आणि पदवी घेतली असेल तर ४. एकूण २० गुणांना ५ ने गुणले की ० ते १०० या दरम्यानचा निर्देशांक मिळतो. कोणत्या बाबीला किती वजन द्यावे यावर बैठका लांबतात. सुरुवातीला सर्वांना समान वजन द्यावे. मोठ्या गणिती खटाटोपातून काढलेली वजने वापरूनही शाळांच्या चित्रात सहसा फार फरक पडत नाही, आणि समान वजनाचा हिशेब पालकसभेत फळ्यावर समजावून सांगता येतो. निकाल पाहिल्यानंतर मात्र वजने बदलू नयेत.

सुरुवात मोजल्याशिवाय प्रगती मोजता येत नाही

पार्श्वभूमी कितीही बारकाईने नोंदवली तरी दोन मुलांच्या घरची स्थिती सारखी असून एक वाचू शकते आणि दुसरे अक्षरे ओळखत नाही, असे नेहमी आढळते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीची चाचणी आवश्यक आहे. पायाभूत चाचणी आणि वर्षाच्या शेवटची संकलित मूल्यमापन चाचणी यांचे गुण शाळांकडे असतातच; दोन्ही वेळी तेच मूल, त्याच क्षमता आणि शक्य तितके सारखे काठिण्य, एवढे पाहावे. विदर्भातील उन्हामुळे आपल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतली तर लांबलेल्या सुटीतील विसर मोजला जातो आणि नंतरची वाढ फुगलेली दिसते. दोन-तीन आठवडे उजळणी झाल्यावर, सर्व शाळांत एकाच आठवड्यात चाचणी घ्यावी.

ज्या क्षणी शाळेला कळते की तिची प्रगती सुरुवातीच्या गुणांवरून मोजली जाणार आहे, त्या क्षणापासून सुरुवातीचे गुण कमी दाखवण्यात तिचा फायदा असतो. हे मनुष्यस्वभावाला धरून आहे आणि त्यासाठी कोणावर संशय घेण्याची गरज नाही. दोन्ही चाचण्यांच्या वेळी शेजारच्या शाळेतील शिक्षकांनी येऊन पेपर घ्यावेत आणि तपासावेत, एवढी अदलाबदल पुरेशी होते. चाचणी फार सोपी असेल तर दुसरी अडचण येते. सुरुवातीलाच २५ पैकी २४ गुण मिळवणाऱ्या मुलाला वर जायला जागाच उरत नाही आणि चांगल्या शाळेची प्रगती शून्य दिसते. दहांपैकी दोनपेक्षा जास्त मुले कमाल गुणांच्या जवळ असतील तर ती चाचणी तुलनेला वापरू नये.

सुरुवातीची पातळी धरली की मग पार्श्वभूमीची गरज उरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. इंग्लंडमध्ये या प्रश्नावर धोरणच दोनदा बदलले. तेथे २००६ पासून पूर्वीच्या गुणांबरोबर मोफत जेवणाची पात्रता, भाषा अशी पार्श्वभूमीची माहितीही हिशेबात घेतली जाई. गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवली जाते असा आक्षेप घेऊन २०१० नंतर ती पद्धत सोडण्यात आली, आणि २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी आलेल्या नव्या मापनात फक्त पूर्वीचे गुण धरले गेले. मग उलट बाजूने टीका झाली की वंचित मुले जास्त असलेल्या शाळांना हे मापन अन्यायकारक आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पार्श्वभूमी पहिल्या दिवशी काम करून थांबत नाही, ती वर्षभर काम करत राहते. ज्या मुलीला सकाळी पाणी भरून, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून मग शाळेत यावे लागते, तिचा पहिला तास जुलैत जसा बुडतो तसाच फेब्रुवारीतही बुडतो. म्हणून मी दोन्ही धरतो, आणि ही दुरुस्ती करण्यापूर्वीचा, म्हणजे प्रत्यक्ष गुणांचा, आकडा कधीही लपवत नाही.

हिशेब

हिशेब कसा चालतो हे दाखवण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. समजा शहरातील ४० शाळांची माहिती आपल्याकडे आहे. आडव्या अक्षावर शाळेचा सरासरी निर्देशांक आणि उभ्या अक्षावर वर्षअखेरचे सरासरी गुण मांडले, प्रत्येक शाळेसाठी एक ठिपका काढला आणि त्या ठिपक्यांमधून सर्वांना जवळची अशी सरळ रेषा बसवली. संगणकावरील तक्त्यात ही रेषा क्षणात निघते. समजा रेषा सांगते की अपेक्षित गुण म्हणजे ३६ अधिक निर्देशांकाची निम्मी किंमत. पहिल्या शाळेचा निर्देशांक २४ आहे, म्हणून तिच्याकडून ४८ गुण अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ५३ मिळाले. दुसऱ्या शाळेचा निर्देशांक ७८ आहे, म्हणून ७५ अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात ७३ मिळाले. नुसते गुण पाहिले तर दुसरी शाळा २० गुणांनी पुढे आहे. अपेक्षेच्या तुलनेत पाहिले तर पहिली ५ गुणांनी वर आणि दुसरी २ गुणांनी खाली आहे. सुरुवातीचे गुण उपलब्ध असतील तर तेही याच रीतीने हिशेबात घ्यावेत. संगणकाला दोन रकाने द्यायचे, बाकी पद्धत तीच.

येथे बहुतेक जण थांबतात आणि पहिल्या शाळेचा सत्कार ठरवतात. अजून एक पायरी उरलेली असते. पहिल्या शाळेत परीक्षेला २५ मुले होती आणि दुसरीत १००. मुलांच्या गुणांतील नेहमीचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १५ आहे असे समजू. तो मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागला की सरासरीतील अनिश्चितता मिळते. पहिल्या शाळेसाठी १५ भागिले ५, म्हणजे ३. दुसरीसाठी १५ भागिले १०, म्हणजे दीड. याच्या दुप्पट अंतरापर्यंतचा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो. पहिल्या शाळेचा योगायोगाचा पट्टा ६ गुणांचा आहे आणि तिचा फरक ५ आहे. दुसरीचा पट्टा ३ गुणांचा आणि फरक २ आहे. तेव्हा एका वर्षावरून दोन्हींविषयी ठामपणे काहीही म्हणता येत नाही. तीन वर्षांची मुले एकत्र केली आणि सरासरी फरक तेवढेच राहिले, तर पहिल्या शाळेत ७५ मुले होतात, पट्टा साडेतीनपर्यंत खाली येतो आणि तिचे ५ गुण त्याच्या बाहेर पडतात. दुसरीत ३०० मुले होतात, पट्टा १.७ होतो आणि तिचे उणे २ देखील अर्थपूर्ण ठरतात. लहान पटाच्या शाळांबाबत तीन वर्षांपेक्षा कमी माहितीवर निष्कर्ष काढू नये, हा माझा नियम याच हिशेबातून आला. १८ मुलांच्या वर्गात एक मूल तापाने घरी राहिले तरी उत्तीर्णांची टक्केवारी साडेपाचने हलते.

याच कारणाने शाळांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊ नयेत. अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे वर, अपेक्षेच्या आसपास आणि अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे खाली असे तीन गट पुरतात, आणि बहुतेक शाळा मधल्या गटात येतात हे प्रामाणिकपणे सांगावे. यंदा सर्वांत वर असलेली शाळा पुढच्या वर्षी थोडी खाली येते, सर्वांत खाली असलेली थोडी वर येते. त्यात बहुतेक वेळा योगायोगाचा भाग असतो. तेवढ्यावरून कोणाला बक्षीस किंवा नोटीस देणे चूक आहे.

उत्तीर्णांची टक्केवारी हे तर तुलनेचे फार कच्चे साधन आहे. ३५ गुणांची रेषा ओलांडली की नाही एवढेच ती पाहते. ३४ चे ३६ होणे तिला दिसते, १५ चे ३० किंवा ६० चे ८५ होणे दिसत नाही. त्यामुळे शिक्षकांचे लक्ष रेषेजवळच्या चार-सहा मुलांवर एकवटते. सरासरीबरोबर वर्गातील तळाच्या चौथाई मुलांची प्रगती स्वतंत्रपणे मोजावी. शाळेची खरी ओळख मला नेहमी त्या आकड्यात दिसली आहे.

जी मुले तक्त्यात नाहीत

एका माध्यमिक शाळेच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल १०० टक्के’ असा मोठा फलक होता. मी मुख्याध्यापकांकडे नववीचा हजेरीपट मागितला. त्या तुकडीत आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये ६२ नावे होती. दहावीला शाळेतर्फे ४८ मुले बसली आणि ४८ उत्तीर्ण झाली. उरलेल्या १४ नावांवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि समोर ‘नाव कमी’ एवढाच शेरा. जनरल रजिस्टर घेऊन एकेक नाव शोधले. पाच मुलांनी दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतल्याचे कागद मिळाले. चौघांना नववीत नापास करून ‘बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सांगण्यात आले होते. बाकीच्या पाचांचा पत्ता शाळेला माहीत नव्हता. त्यांतील एका मुलीचे लग्न झाल्याचे तिच्या वर्गमैत्रिणीने दारात उभी राहून सांगितले. दुसऱ्या शाळेत खरोखर गेलेली ५ मुले वगळली तर ५७ पैकी ४८, म्हणजे ८४.२ टक्के, हा त्या शाळेचा निकाल होता. पार्श्वभूमीची कोणतीही दुरुस्ती या एका मोजणीची जागा घेऊ शकत नाही, कारण रेघ मारलेल्या नावांत गरीब घरांची मुलेच अधिक होती, आणि ती गळल्यामुळे शाळेचा निर्देशांक आणि गुण दोन्ही वर गेले होते.

म्हणून तुलनेचा छेद परीक्षेला बसलेल्या मुलांवरून घेऊ नये. पहिल्या चाचणीच्या दिवशी पटावर असलेले प्रत्येक मूल वर्षअखेरीस चार रकान्यांपैकी एकात दिसले पाहिजे : चाचणी दिली, हजर नव्हते, दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतल्याचा पुरावा आहे, किंवा ठावठिकाणा नाही. शेवटच्या रकान्यातील संख्या निकालाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. वीटभट्टीवरील मुले नोव्हेंबरच्या सुमारास येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांची वर्षभराची प्रगती काढता येत नाही. पण ती आल्यावर छोटी चाचणी आणि निघण्यापूर्वी पुन्हा तीच चाचणी घेऊन त्यांचा वेगळा तक्ता करता येतो, आणि तो करावाच.

ज्याची दुरुस्ती करू नये

मुलाच्या घरची परिस्थिती शाळेच्या हातात नसते, म्हणून ती हिशेबात धरायची. शाळेच्या कामाचाच जो भाग आहे, तो धरायचा नाही. मुलांची उपस्थिती कमी आहे म्हणून अपेक्षा कमी करावी, असे एका बैठकीत सुचवले गेले होते. उपस्थिती काही अंशी घरच्या अडचणींवर अवलंबून असते हे खरे. परंतु कंटाळवाण्या वर्गात मुले येत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. उपस्थितीची सूट दिली तर तो दोष झाकला जातो. शिक्षकांची रिक्त पदे हा याहून अवघड प्रश्न आहे. दोन शिक्षकी शाळेत एक पद वर्षभर रिकामे असेल तर मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही, पण मुलांचे नुकसान मात्र पूर्ण झालेले असते. येथे गुणांत सूट न देता, ‘या शाळेत इतके महिने पद रिक्त होते’ अशी ओळ निकालाच्या खाली लिहावी. त्यामुळे जबाबदारी ज्या कार्यालयाची आहे तिकडे बोट जाते.

प्रत्येक शाळेच्या पत्रकावर तीन आकडे एकाच ओळीत असावेत : प्रत्यक्ष गुण, सारख्या पार्श्वभूमीच्या शाळांचे सरासरी गुण, आणि सुरुवातीपासून झालेली प्रगती. पहिला आकडा वगळला तर समाजातील विषमताच नजरेआड होते. अपेक्षेपेक्षा ५ गुणांनी वर असलेल्या शाळेतील मुलेही शंभरपैकी ५३ वरच आहेत आणि पुढे अकरावीच्या प्रवेशात त्यांची स्पर्धा ७३ वाल्यांशीच होणार आहे. त्या शाळेच्या शिक्षकांचे कौतुक करायचे आणि त्याच बैठकीत तिला जादा शिक्षक, वाचनालय आणि संध्याकाळची अभ्यासिका मागायची. मला यांत काही विसंगती वाटत नाही.

पत्रक इतरांना दाखवण्यापूर्वी संबंधित शाळेकडे सात दिवस तपासणीसाठी द्यावे; पटाचे आणि दाखल्यांचे चुकलेले आकडे याच टप्प्यावर सापडतात. त्यानंतर दोन्ही टोकांच्या शाळांना, म्हणजे स्पष्टपणे वर आणि स्पष्टपणे खाली असलेल्या शाळांना, प्रत्यक्ष भेट द्यावी, कारण आकडा कोठे पाहायचे एवढेच सांगतो, कारण सांगत नाही. भेट पूर्ण दिवसाची असावी. परिपाठाच्या आधी पोहोचावे, तिसरीच्या किंवा चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसावे, मधल्या सुटीत खिचडीच्या रांगेत उभे राहून मुले आपसांत कोणत्या भाषेत बोलतात ते ऐकावे, आणि वर्गशिक्षकांना हजेरीपट उघडायला सांगून ‘ठावठिकाणा नाही’ या रकान्यातील प्रत्येक नावाविषयी विचारावे. दिवसभरात जे दिसले त्याची नोंद शाळेतून निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना वाचून दाखवावी, आणि त्यांची काही हरकत असेल तर तीही त्यांच्याच शब्दांत त्याच कागदावर लिहून घ्यावी.